बूच सांभाळून ठेवा!

तुमच्या घरी माळा आहे ना? नसेल तर पलंगाखालचा बॉक्स, आजोबांचं कपाट, गॅलरीतली ती पेटी जिच्यावर आता कुंड्या बसल्यात, असं काहीतरी असणारच. दिवाळीच्या साफसफाईत आई दरवर्षी विचारते, "हे काय ते एकदा बघा, नाहीतर भंगारात घालते." आणि आपण मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणतो, "घाल."

मी तेच म्हणाले होते. दोन वर्षांपूर्वी सांगलीला मामाकडे माळा आवरताना खिळे, जुने प्लग, तुटक्या वायरी असलेला डबा मीच भंगारवाल्याच्या पोत्यात उलटा केला. त्यात अंगठ्याएवढ्या जाडीची, वायर नसलेली एक चपटी वस्तू होती. एका बाजूला कनेक्टर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मला वाटलं, कशाचंतरी तुटलेलं टोक असेल.

मामा त्याला 'बूच' म्हणायचा. त्याचं खरं नाव टर्मिनेटर. त्या एका बुचापायी माझ्या आजीच्या दोनशेच्या वर ओव्या यंदा कायमच्या जाता जाता राहिल्या. म्हणून हा लेख.

आधी थोडा फ्लॅशबॅक. १९९३ मध्ये मामाने सांगलीत नदीकडच्या भागात एका खोलीत डीटीपीचं दुकान टाकलं. लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, हौशी कवींचे संग्रह. त्याचं मशीन होतं मॅकिंटॉश प्लस, मुंबईतल्या एका जाहिरात कंपनीने जुना म्हणून काढलेला. हे मॉडेल ॲपलने जानेवारी १९८६ मध्ये आणलं. नऊ इंची काळा-पांढरा स्क्रीन, एक एमबी रॅम, ८०० केबीची फ्लॉपी आणि आत हार्ड डिस्क अजिबात नाही. हार्ड डिस्क हवी असेल तर बाहेरून जोडायची. मामाकडे तसा एक डबा होता, ४० एमबीचा. तुमच्या फोनमधले दहाएक फोटो टाकले की भरला, एवढाच. मामाचं सगळं दुकान त्यात मावलं होतं.

१९९५ च्या पावसाळ्यात गिऱ्हाईक नसायचं तेव्हा आजी दुकानात येऊन बसायची आणि जात्यावरच्या ओव्या सांगायची. मामा टाइप करायचा. छापायचं राहून गेलं. एक प्रिंटआउट तेवढी काढून ठेवली होती. २००९ मध्ये आजी गेली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात दुकानासोबत ती प्रिंटआउटही गेली. मशीन आणि ड्राइव्ह घरी माळ्यावर होते म्हणून वाचले.

यंदा मामेबहिणीचं लग्न ठरलं. मामा म्हणाला, "घाणा भरताना आईच्या ओव्या म्हणायच्या. छोटं पुस्तक करून बायकांच्या हातात देऊ." मशीन खाली काढलं, धूळ पुसली, केबल लावली आणि मामाने विचारलं, "बूच कुठाय?"

मी गप्प.

हे बूच करतं तरी काय?

टर्मिनेटर म्हटलं की आपल्याला काळा चष्मा घातलेला अर्नोल्ड आठवतो. तो सिनेमा १९८४ चा, पहिला मॅकिंटॉशही १९८४ चाच. पण हा टर्मिनेटर कोणाला मारत नाही, फक्त परतीचा आवाज मारतो.

समजा तुम्ही सिमेंटच्या हौदात हात आपटला. लाट कडेपर्यंत जाते, भिंतीवर आदळते आणि उलटी येते. मागून येणारी नवी लाट आणि ही परतलेली लाट एकमेकींत मिसळतात, आणि पाण्यावर नुसता गोंधळ दिसतो. आता नदीकाठ आठवा. वाळूच्या उतारावर लाट चढते आणि तिथेच विरते. परत काही येत नाही.

तारेतून धावणाऱ्या विजेच्या सिग्नलचंही असंच आहे. केबलचं टोक मोकळं सोडलं तर सिग्नल तिथून उलटा फिरतो. मग वाचणाऱ्याला कळत नाही की हा नवा शून्य-एक आहे की मघाचाच प्रतिध्वनी. बूच म्हणजे केबलच्या टोकाला घातलेली वाळू.

ही केबल ज्या पद्धतीची होती तिचं नाव 'स्कझी'. स्मॉल कॉम्प्युटर सिस्टीम इंटरफेस या चार शब्दांची आद्याक्षरं एकत्र उच्चारून झालेलं हे नाव. शुगार्ट असोसिएट्स या अमेरिकन कंपनीने आधी 'सासी' नावाची पद्धत काढली होती, तिच्यातून ही आली आणि १९८६ मध्ये अमेरिकेत तिचं अधिकृत मानक ठरलं. त्यात सिग्नलच्या १८ तारा होत्या. नेहमीच्या साध्या बुचात प्रत्येक तारेसाठी दोन रेझिस्टर. एक २२० ओहमचा, पाच व्होल्टच्या बाजूला, आणि दुसरा ३३० ओहमचा, ग्राउंडच्या बाजूला. एवढंच. आत ना चिप ना प्रोग्राम. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चिल्लरमध्ये मिळतील अशा रेझिस्टरच्या जोड्या.

पण त्या नसल्या तर? कधी ड्राइव्ह दिसतच नाही. कधी दिसतो आणि अर्ध्यात मशीन गोठतं. आणि कधी, हे सगळ्यात वाईट, सगळं चाललंय असं वाटतं आणि फाइल गुपचूप बिघडते. केबल छोटी असेल तर बुचाशिवाय नशिबाने चालूनही जातं. तेवढ्यानेच माणूस बेसावध होतो.

तीन नियम, चार चुका

हे मशीन चालू करताना मला जाणवलं की यूएसबीने आपल्याला किती लाडावून ठेवलंय. खुपसलं, 'टिंग' वाजलं, संपला विषय. स्कझीत मात्र जोडणाऱ्याला तीन गोष्टी स्वतः कराव्या लागायच्या.

पहिली, पत्ता. एका साखळीत शून्य ते सात असे आठ पत्ते. मॅकने स्वतःसाठी सात नंबर ठेवलेला. ड्राइव्हच्या पाठीवरच्या छोट्या बटणाने त्याचा नंबर ठरवायचा. दोघांचा नंबर एकच आला की संपलं. हॉस्टेलवर एकाच नावाची दोन पोरं असली आणि मेसवाल्याने हाक मारली की जे होतं, तेच.

दुसरी, टोक. प्रत्येक डब्याला मागे दोन सारखेच पोर्ट असतात. एकात आधीच्याची केबल येते, दुसऱ्यातून पुढच्याला जाते. साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेशन हवं आणि मधल्यांना नको. मध्ये बूच राहिलं तरी घोळ, शेवटी नसलं तरी घोळ. साखळीत नवा डबा लावला की टोक बदलतं, म्हणजे बूचही पुढे सरकवायचं.

तिसरी, क्रम. आधी बाहेरचा ड्राइव्ह चालू करायचा, त्याची तबकडी वेगात फिरू द्यायची, मग कॉम्प्युटर. बंद करताना उलटं, आधी कॉम्प्युटर नीट शट डाउन, मग ड्राइव्ह. आणि वीज चालू असताना केबल काढायची नाही की घालायची नाही. कधीच नाही.

आता आमच्या चुका ऐका.

चूक एक, मी आधी मॅक चालू केला. स्क्रीनवर फ्लॉपीचं चित्र आणि त्यात लुकलुकणारं प्रश्नचिन्ह. म्हणजे "कशावरून सुरू होऊ?" मामाने डोक्याला हात लावला.

चूक दोन, "बघू तर" म्हणून बुचाशिवायच चालू केलं. ड्राइव्हची घरघर छान ऐकू आली, मशीनला काही तो सापडला नाही. मी दुसऱ्यांदा करायला गेले तेव्हा मामाने वायरच काढली. म्हणाला, "चुकीचं वाचलं तर परवडेल. चुकीचं लिहिलं तर आईच्या ओव्या जातील." मग जुनी मशीन जमवणाऱ्या एका हौशी माणसाकडून बूच मागवलं. ते यायला तीन आठवडे लागले. लग्नाला उरले होते पाच.

चूक तीन. मॅकच्या मागे स्कझीचा पोर्ट २५ पिनांचा आहे, आणि जुन्या पीसीच्या प्रिंटरचा पोर्टही २५ पिनांचा. दोन्ही दिसायला सख्खे भाऊ. कपाटात प्रिंटरची केबल सापडली आणि मी ती लावायच्या बेतात होते. कनेक्टरचा आकार जुळला म्हणजे आतल्या तारा जुळल्या असं नसतं. अशा अदलाबदलीने पोर्ट जळू शकतो. मामाने मनगट धरलं म्हणून वाचलो.

चौथी चूक पुढे येईलच.

बाकीच्यांचाही हाच संसार

हे फक्त मॅकवाल्यांचं दुखणं होतं असं समजू नका. १९८५ मध्ये आलेल्या अटारी एसटीने हार्ड डिस्कसाठी स्वतःचीच पद्धत काढली. स्कझीच्या नात्यातली, पण १९ पिनांची. त्यामुळे सरळ स्कझी ड्राइव्ह जोडता यायचा नाही, मध्ये दुभाष्यासारखं एक सर्किट लागायचं. कमोडोरच्या अमिगा ५०० ला ए-५९० नावाचा २० एमबीचा ड्राइव्ह बाजूला चिकटवायचे. त्याच्या मागे आणखी डबे जोडायला स्कझी पोर्ट दिलेला, म्हणजे पुन्हा पत्ता आला आणि बूच आलं. आणि आमच्या मॅकिंटॉश प्लसचं तर वेगळंच. बुचातल्या रेझिस्टरना पाच व्होल्ट लागतात आणि हे मशीन स्वतःच्या पोर्टवरून ते देतच नाही. साखळीतल्या दुसऱ्या कोणीतरी, म्हणजे ड्राइव्हने, ते द्यायचे. कोण वीज देणार, हेही जोडणाऱ्यानेच बघायचं.

तुम्ही म्हणाल, "बाई, हे सगळं संपलं ना आता?" नाही संपलं. आपल्या नजरेआड गेलं. यूएसबीतही टर्मिनेशन आहे, ते चिपच्या आत बसलंय. नव्या गाड्यांमध्ये इंजिन, ब्रेक, डॅशबोर्ड ज्या कॅन बसवर एकमेकांशी बोलतात, तिच्या दोन्ही टोकांना आजही १२० ओहमचे रेझिस्टर असतात. पूर्वी ऑफिसांत आणि लॅबमध्ये टीव्हीच्या केबलसारख्या दिसणाऱ्या वायरीवर नेटवर्क चालायचं. तिच्या टोकाचं ५० ओहमचं टोपण कोणी काढलं की अख्खं नेटवर्क झोपायचं. तुमच्या कॉलेजमधल्या जुन्या लॅब असिस्टंटना विचारून बघा, त्यांच्याकडे यावर एकतरी किस्सा निघेल.

माझं म्हणणं काय, तर टोक सांभाळणं ही जोडणाऱ्याची जबाबदारी आहे आणि आपण ती विसरलोय. जोडायला आपल्याला आवडतं. नवा फोन, नवं ॲप, नवा क्लाउड. जुन्यातून नीट बाहेर पडणं, त्यातलं आपलं काढून घेणं, शेवटची वस्तू जपून ठेवणं, हे करायला कोणाला वेळ नसतो. पेनड्राइव्ह 'इजेक्ट' न करता उपटणारे आपण. बारावीचे फोटो जुन्या फोनमध्ये, त्या फोनचा चार्जर गायब. फर्स्ट इयरचा प्रोजेक्ट कॉलेजच्या ईमेलवर, पासआउट झालो की तो आयडी बंद. सगळ्यांना जोडणी येते, टोकाचा विचार कोण करतो?

नऊशे वर्षं विरुद्ध पंधरा वर्षं

तुम्हाला वाटेल, मामाच्या ओव्या म्हणजे घरगुती मामला. मग एक मोठं उदाहरण घ्या. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजा विल्यमने देशभरच्या जमिनी आणि माणसांची नोंद करून घेतली. ते डोम्सडे बुक. त्याला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवं डोम्सडे केलं. शाळाशाळांतल्या मुलांनी आपापल्या गावाबद्दल लिहिलं, फोटो काढले. दहा लाखांहून जास्त लोकांचा हात त्याला लागला. हे सगळं लेझरडिस्कवर साठवलं. डिस्कचा प्लेअर एकॉर्नच्या बीबीसी मास्टर कॉम्प्युटरला जोडायचा. कशाने? स्कझीने.

पंधराएक वर्षांत अशी वेळ आली की चालू स्थितीतली मशीन शोधावी लागत होती. २००२ च्या सुमारास लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या लोकांनी आजच्या कॉम्प्युटरवर त्या मशीनची नक्कल उभी करून दाखवली. पुढे २०११ मध्ये बीबीसीने गावागावांची ती माहिती वेबवर टाकली. आणि १०८६ चं मूळ पुस्तक? ते लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, आणि लॅटिन येणाऱ्याला आजही वाचता येतं. चामड्यावर शाईने लिहिलेलं नऊशे वर्षं टिकलं, दहा लाख लोकांनी डिजिटल केलेलं पंधरा वर्षांत अडकलं.

तिथे बीबीसी होती, विद्यापीठं होती. आपल्याकडे? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि त्या आज ऐकायला, वाचायला मिळतात, ही आपल्या नशिबाची गोष्ट. पण प्रत्येक आजीपर्यंत असं कोणी पोचलेलं नसतं. माझ्या आजीपर्यंत फक्त मामा पोचला होता. म्हणजे तिच्यासाठी आमचं घरच अभिलेखागार. आणि अभिलेखागाराची अधिकारी बाई बूच भंगारात घालून बसलेली.

"क्लाउड आहे की!"

हा मुद्दा माझ्या मित्रांनी सगळ्यात आधी काढला. क्लाउड आहे, मान्य. पण १९९५ ची फाइल आपल्या पायाने चालत क्लाउडवर जात नाही. कोणीतरी आधी तबकडी फिरवावी लागते, आणि ती फिरेल याची खात्री दर पावसाळ्याला कमी होते. आतलं वंगण घट्ट होतं, रबर चिकट होतं, कपॅसिटर गळतात.

दुसरा मुद्दा, "डेटा रिकव्हरीवाल्याकडे दे." एका ठिकाणी विचारलं. त्याने सांगितलेल्या आकड्यात मामेबहिणीच्या लग्नाची फोटोग्राफी झाली असती. शिवाय ड्राइव्ह बिघडलेला नव्हताच. बिघाड आमच्या माहितीत होता.

तिसरा मुद्दा मात्र मला पटतो. जुनी मशीन जमवणं हा पैसेवाल्यांचा शौक झालाय, आणि सगळं जपून ठेवायला कोणाच्या टू-बीएचकेत जागा आहे? बरोबर. म्हणून मी मशीन जपा असं म्हणतच नाही. आतलं बाहेर काढा आणि मग मशीनचं काय ते करा. पण मशीन, ड्राइव्ह, केबल आणि बूच हा एकच संच आहे हे कळेपर्यंत त्यातलं काही टाकू नका. मी संचातली सगळ्यात स्वस्त वस्तू टाकली आणि बाकी सगळं वजनकाट्याच्या लायकीचं करून ठेवलं होतं.

मग पुढे काय झालं?

बूच आलं. मामाने ते ड्राइव्हच्या रिकाम्या पोर्टवर दाबून बसवलं. ड्राइव्ह चालू. मनात वीस मोजले. मॅक चालू. प्रश्नचिन्ह आलं, गेलं, आणि छोटा हसरा मॅक दिसला. मामा खुर्चीवर सरळ बसला. नऊ इंची स्क्रीनवर त्याच्या जुन्या फोल्डरची नावं आली: पत्रिका, स्मरणिका, उधारी, आई.

'आई' उघडलं. ओव्या होत्या.

आता त्या बाहेर कशा काढायच्या? माझा इलेक्ट्रॉनिक्सवाला मित्र ब्लूस्कझी नावाची छोटी पाटी घेऊन आला. जुन्या कॉम्प्युटरला ती हार्ड डिस्क वाटते, प्रत्यक्षात एसडी कार्डावर लिहिते. तिची रचना खुली आहे, कोणीही बनवू शकतं. बूच काढून त्या जागी ती जोडली. साखळीचं टोक आता ती, आणि टर्मिनेशन तिचं स्वतःचं. वीज यूएसबी चार्जरवरून दिली. चालू केलं, तर सगळं शांत. ही आमची चौथी चूक. दोघांचाही पत्ता शून्य ठेवला होता. एकाचा नंबर बदलला आणि कॉपी सुरू झाली.

कार्ड लॅपटॉपला लावलं तर पुढचा अडथळा. ती फाइल मांडण्याची जुनी पद्धत ॲपलच्या स्वतःच्या नव्या मॅकनाही कळत नाही, २०१९ च्या कॅटलिनापासून ती वाचणं त्यांनी बंद केलं. मित्राच्या लिनक्सवर फाइल उघडली, तर ओव्यांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. कारण मामाचा फॉण्ट त्या काळचा. 'क' च्या जागी कुठलंतरी रोमन अक्षर दडवलेलं, आणि कुठलं ते फक्त त्या फॉण्टला माहीत. आज आपण टाइप करतो ते युनिकोड मराठी त्या दुकानात पोचलेलंच नव्हतं.

शेवटी काय केलं, तर परत मॅकसमोर बसलो. त्याच्याकडे तो फॉण्ट होता, त्यामुळे त्याच्या स्क्रीनवर मराठी नीट दिसत होतं. मी एकेक पान वर सरकवत मोबाइलने फोटो काढले. जुन्या पिक्चर ट्यूबमुळे फोटोंवर काळे पट्टे आले, पण वाचता आलं. मग चार रात्री बसून मी आणि मामेबहिणीने सगळं युनिकोडमध्ये टाइप केलं. दोनशे चौदा ओव्या. दोन पानांची एक फाइल उघडलीच नाही. त्यात काय होतं ते मामालाही आठवत नाही.

ते दोन पानांचं दुःख माझ्या नावावर आहे असं नाही. कदाचित ती फाइल आधीच गेलेली असेल. पण दोन वर्षांपूर्वी बूच हातात होतं, तेव्हा बघितलं असतं तर, हा विचार जात नाही.

तर मंडळी, करायचं काय?

घरी गेल्यावर माळा उघडा. जुना कॉम्प्युटर, ड्राइव्ह, फ्लॉपी, सीडी, कॅसेट, जे असेल ते बाहेर काढा आणि ज्याचं आहे त्याला विचारा, "यात काय आहे?" उत्तर कागदावर लिहून त्या वस्तूला चिकटवा. काय चालतंय हे नंतर बघू, आधी काय आहे हे लिहून ठेवा. ते सांगणारी माणसंही कायमची नसतात.

जोडायच्या आधी मागचा फोटो काढा. कुठली केबल कुठे होती, नंबर काय होता, टोकाला काय होतं. वायर नसलेली, निरुपयोगी वाटणारी वस्तू सगळ्यात आधी जपा. आणि जुन्या मॅकसारखं पिक्चर ट्यूबचं मशीन स्वतः उघडायला जाऊ नका. ते बंद असलं तरी आत जीवघेणा व्होल्टेज राहू शकतो.

कॉलेजला माझी एक मागणी आहे. आमच्या मास कॉमच्या कपाटात सीनियर्सच्या डॉक्युमेंटरींच्या मिनी-डीव्ही कॅसेट आहेत. त्या कॅमेऱ्यातून फायरवायरने कॉम्प्युटरवर घ्यायच्या असतात. डिपार्टमेंटमधल्या एकाही नव्या मशीनला तो पोर्ट नाही. प्रत्येक कॉलेजात एक टेबल ठेवा. त्यावर एक चालू जुना पीसी, एक फ्लॉपी ड्राइव्ह, एक कॅसेट प्लेअर, दोन-चार ॲडॉप्टर. इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांनी ते चालू ठेवावं, मराठीच्या आणि इतिहासाच्या पोरांनी त्यावर काय वाचवायचं ते आणावं. एनएसएसचे तास यासाठी दिले तरी चालतील. नवी लॅब उभारायची गरज नाही, स्क्रॅप म्हणून लिलावात काढलेल्या ढिगातून आधी एक मशीन बाजूला काढा.

लग्न गेल्या महिन्यात झालं. घाणा भरताना बायकांच्या हातात बत्तीस पानांचं पुस्तक होतं. मामाने त्याच्या शंभर प्रती कागदावर छापल्या. म्हणाला, "ह्याला बूच लागत नाही."

ड्राइव्ह परत माळ्यावर गेला. नवं बूच त्याला सुतळीने बांधलंय आणि वर मामाच्या अक्षरात चिठ्ठी आहे: 'हे काढू नये. विचारल्याशिवाय भंगारात देऊ नये.' खाली कंसात माझं नाव लिहिलंय.